क्षेत्र बदलताना पगार ३० टक्क्यांनी घटणार असेल, तर राजीनाम्याआधी काय काय मोजायचं?

उंबरठा (धागाकर्ती)

प्रश्न मुद्दाम आकड्यांत मांडते, म्हणजे उत्तरंही आकड्यांत येतील. सोयीसाठी हातात येणारा महिन्याचा पगार १०० धरा.

खर्च ७४. त्यात कर्जाचा हप्ता २८, न टळणारे बाकीचे खर्च २४ (वीज, विमा, शिक्षण, प्रवास), आणि कमी-जास्त होऊ शकणारे २२. उरतात २६. आजवरची जमा १०३६, म्हणजे १४ महिन्यांचा खर्च. सध्याच्या क्षेत्रात १२ वर्षं झाली. जायचंय तिथे सुरुवातीचा पगार ७०, आणि दारात उभं राहण्याइतकं शिकायला पूर्ण वेळ दिला तर ८ ते १० महिने.

१. सहा महिन्यांचा खर्च गाठीला असला की पुरे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. इथे तर १४ आहेत. मग उडी घ्यायला हरकत काय?
२. नवं काम जमेल का आणि आवडेल का, हे राजीनामा न देता कसं तपासायचं?
३. कंटाळा कामाचा आलाय की साहेबाचा, हे कसं ओळखायचं?

'मनाचं ऐका' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.


बेरीज_वजाबाकी

तुमचे १४ महिने प्रत्यक्षात सहासुद्धा नाहीत. गणित करून दाखवतो.

जमा रकमेची विभागणी तुम्ही दिलेली नाही, म्हणून एक धरून चालतो: ५०० बचत खात्यात आणि मुदत ठेवींत, ३५० शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत, १८६ निवृत्तीच्या खात्यात अडकलेले.

अडकलेले १८६ मोजायचेच नाहीत. ३५० पैकी ७० टक्केच धरायचे, म्हणजे २४५. कारण बाजार पडतो त्याच सुमारास नोकरभरतीही थांबते, दोन्ही संकटं जोडीनं येतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक पाच आठवड्यांच्या आत सुमारे ३४ टक्के घसरला होता. तेव्हा ३० टक्के कात्री ही भीती नव्हे, साधा हिशेब आहे.

५०० + २४५ = ७४५.

यातून वर्षातून एकदाच येणारे ठोक खर्च वजा करा: विम्याचे वार्षिक हप्ते, दुरुस्त्या, शाळा-कॉलेजचं शुल्क. महिन्याच्या ७४ मध्ये हे सहसा धरलेलेच नसतात. अंदाजे ६०. मग बदलाचा स्वतःचा खर्च: शिकण्याचं शुल्क, साधनं, आणि कंपनीकडून मिळणारा आरोग्यविमा गेला की स्वतः घ्यावा लागणारा विमा. अंदाजे ७५. शेवटी तीन महिन्यांचा खर्च, २२२, काहीही झालं तरी हात लावायचा नाही असा तळ म्हणून बाजूला.

७४५ - ६० - ७५ - २२२ = ३८८.

आता खर्च किती खाली येईल? कमी-जास्त होणाऱ्या २२ मधून ८ कापता येतील. याहून जास्त कपात कागदावर होते, घरात होत नाही. म्हणजे खर्च ६६. ३८८ भागिले ६६ = ५.९.

शिकायला ८ ते १० महिने, नंतर काम मिळेपर्यंत ३-४ धरा. पैसे सहाव्या महिन्यात संपणार. तेव्हा माणूस मिळेल ते काम घेतो, आणि ते बहुधा जुन्याच क्षेत्रातलं, आधीपेक्षा हलकं असतं. आगीतून फुफाट्यात.

आजपासून ६६ वर राहिलात तर महिन्याला ३४ मागे पडतील. नोकरी करत करत वर्षभर शिकलात तर ४०८ वाढतात. ३८८ + ४०८ = ७९६, म्हणजे १२ महिने. एका वर्षात मोकळीक दुप्पट झाली.

एक सूचना: ७४ हा आकडा आठवणीतला असेल तर तो चुकलेला आहे. मागच्या १२ महिन्यांची खात्याची आणि कार्डाची विवरणं काढा, गुंतवणुकीकडे वळवलेली रक्कम वगळा, खात्यातून गेलेल्या उरलेल्या सगळ्या रकमांची बेरीज करून १२ ने भागा. तोंडी अंदाजापेक्षा हा आकडा बहुतेकांचा जास्तच निघतो, कारण 'हे एकदाच झालं' असे खर्च दर महिन्याला वेगळ्या नावानं येत असतात.


शाईपेन

वरच्या हिशेबाला जोडून. खर्च आणि शिलकीचं गुणोत्तर हाच मोकळीक विकत घेण्याचा भाव असतो. पगार किती, याचा त्यात संबंध कमी.

खर्च ९०, शिल्लक १०: बिनपगारी एक महिना कमवायला ९ महिने काम.
खर्च ७४, शिल्लक २६: २.८ महिने.
खर्च ६६, शिल्लक ३४: दोन महिन्यांहूनही कमी.

म्हणून पगारवाढीनंतरचे सहा महिने करिअरच्या दृष्टीनं फार नाजूक. त्या काळात मोठं घर, मोठी गाडी घेतली की हप्ता पुढची दहा वर्षं ठरवतो की तुम्ही कुठे काम करणार. लोक म्हणतात धाडस झालं नाही. त्यांची विवरणं काढली तर बांधील खर्च ६० टक्क्यांवर सापडतो. तुमचा ५२ आहे, अगदी वाईट नाही.

पगारासोबत खर्च वाढू न देण्याची एक पद्धत मोजून पाहिलेली आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी एका कंपनीतल्या कामगारांना आजचा पगार कापायला सांगितलं नाही. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला ठरावीक भाग आपोआप बचतीत जाईल, एवढीच संमती आधी घेतली. ४० महिन्यांत या लोकांच्या बचतीचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं (शोधनिबंध २००४ चा). जे अजून हाती आलेलं नाही ते सोडताना दुखत नाही, युक्ती एवढीच. तुम्ही ७० वर जाल तेव्हा बचत शून्यावर येईल. तिथेही हेच करा: प्रत्येक वाढीतला निम्मा वाटा पगाराच्याच दिवशी दुसऱ्या खात्यात, आणि तशी सूचना बँकेला वाढ होण्याआधी दिलेली.


आडवाट

प्रश्न २ बद्दल.

दुरून डोंगर साजरे. तेव्हा आधी माणसं, मग छोटं काम, मग अभ्यासक्रम. बहुतेक लोक उलट्या क्रमानं जातात. अभ्यासक्रम विकत घेतला की आपण निघालो असं वाटतं, आणि तीन प्रमाणपत्रं झाल्यावर कळतं की रोजचं काम आपल्याला मानवत नाही.

माणसं: त्या क्षेत्रातल्या ८-१० जणांशी प्रत्येकी अर्धा तास. त्यांत दोघं तरी ते क्षेत्र सोडून गेलेले हवेत. खरी माहिती त्यांच्याकडे असते. आत असलेला माणूस नकळत स्वतःच्या निवडीची वकिली करत असतो. 'तुम्हाला काम आवडतं का' असं विचारू नका. विचारा:

- मागच्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय केलंत?
- कामातला कुठला भाग दुसऱ्याच्या गळ्यात मारता आला तर लगेच माराल?
- पहिल्या दोन वर्षांत कोण टिकत नाही, आणि का?
- पाच-सात वर्षं झालेल्यांचा पगार सुरुवातीच्या किती पट असतो?

ही माणसं जवळच्या मित्रांत शोधत बसू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा निबंध या बाबतीत जुना पण कामाचा आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्यानं सांगितलं तो माणूस किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे जवळपास १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५६ टक्के, क्वचित भेटणारे २८ टक्के. नमुना लहान होता, पण कारण पटतं: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. जुने सहकारी, कॉलेजातले मागच्या बाकावरचे, एकदाच एका प्रकल्पात भेटलेले, अशांची २० जणांची यादी करा. २० संदेश पाठवले तर ८ भेटी जमतील.

छोटं काम: ६ आठवड्यांत ४० तास. अटी तीन. काम अनोळखी माणसाचं हवं, मुदत त्यानं ठरवलेली हवी, आणि मोबदला थोडका का होईना मिळायला हवा. स्वतःच्या मर्जीनं, रविवारी निवांत केलेलं काम कसोटीला चालत नाही. छंदात आपण कंटाळवाणा भाग टाळतो आणि नोकरीत नेमका तोच पदरी येतो. पैसे घेतले की समोरचा दुरुस्त्या सांगतो. तिसऱ्यांदा दुरुस्ती करताना कसं वाटतं, हे पाहायचंय.

रोज काम संपल्यावर वहीत दोनच नोंदी: कुठल्या तासाला घड्याळ बघितलं, आणि कुठला भाग पुन्हा करायला आवडेल. ४० तासांनंतर वही चाळा. मनाची समजूत त्या दिवसाच्या मूडवर बदलते, वही बदलत नाही.

हे करण्याआधी सध्याच्या नोकरीचा करार वाचा. बाहेरचं काम करायला मनाई आहे का? नोकरीत असताना तयार केलेल्या गोष्टींवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम आहे का? मनाई असेल तर मोबदल्याची अट सोडा आणि एखाद्या संस्थेचं काम विनामूल्य करा, पण मुदत त्यांचीच ठेवा. कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, ही चूक फार जण करतात.


काटकोन

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. खरं तर तो पहिला यायला हवा.

कामाचे तीन थर वेगळे करा: काम स्वतः, माणसं, आणि परिस्थिती (प्रवास, वेळा, पगार, अनिश्चितता). चार आठवडे रोज संध्याकाळी लिहा की आज सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला, आणि प्रत्येक नोंदीपुढे थराचं नाव. वीसेक नोंदी होतील. १२-१३ नोंदी माणसांच्या किंवा परिस्थितीच्या निघाल्या, तर क्षेत्र बदलणं हे डोकं दुखतंय म्हणून घर बदलण्यासारखं आहे. त्याच क्षेत्रात दुसरी कंपनी किंवा दुसरा विभाग शोधा, पगार ३० टक्के घटवायचं कारण नाही. १२-१३ नोंदी कामाच्याच असतील, तर बाकीच्यांचे सल्ले वाचा.

दुसरी खूण सुट्टीची. सलग दहा दिवस सुट्टी घेतल्यावर शेवटच्या दोन दिवसांत कामातला एखादा तरी प्रश्न डोक्यात आपोआप घोळू लागला, तर तो थकवा होता.

'जीवनाचा हेतू' हुद्द्यात शोधू नका, हेही सांगून ठेवतो. संशोधक एमी व्झेस्निएव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोक आपल्या कामाकडे पोटापाण्याचा धंदा म्हणून बघतात, चढायची शिडी म्हणून की मनापासूनचं काम म्हणून, हे तपासलं. कार्यालयीन सहायक या एकाच हुद्द्यावरच्या लोकांतही हे तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले. म्हणजे पाटी बदलली की अर्थ मिळेल याची हमी नाही. आधी आहे त्याच खुर्चीत कामाचं वाटप बदलून बघा: आठवड्यातले पाच तास नकोशा कामातून काढून हव्याशा कामाला, साहेबाशी बोलून, तीन महिन्यांसाठी. साहेब नाही म्हणाला तर तीही माहितीच.

आणि १२ वर्षं 'वाया जातील' म्हणून थांबू नका. ती वर्षं दोन्ही पर्यायांत खर्च झालेलीच आहेत. विचार फक्त पुढच्या वर्षांचा.


चौथी_सीट

एवढं मोजत बसायची गरज नाही असं सांगणारा पुरावाही आहे की. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांचा नाणेफेकीचा प्रयोग. निर्णय होत नसलेल्या लोकांना संकेतस्थळावर नाणं उडवायला दिलं, २० हजारांवर नाणी उडाली. ज्यांना 'बदल करा' असा कौल मिळाला त्यांनी बदल जास्त प्रमाणात केला, आणि सहा महिन्यांनी बदल करणारे अधिक समाधानी होते. तळ्यात-मळ्यात असेल तर उडी मारावी, हाच निष्कर्ष.


काटकोन

प्रयोग बरोबर सांगितलात, निष्कर्ष अर्धा. तिथे आले ते मुळातच दोन्ही पारडी सारखी असलेले आणि नाणं उडवायला तयार असलेले लोक. ज्याचा हिशेब 'सहाव्या महिन्यात पैसे संपतात' असं स्पष्ट सांगतोय, त्याची पारडी सारखी नाहीत. समाधानही त्यांनी स्वतःच सांगितलेलं, सहा महिन्यांपर्यंतचं. गंगाजळी संपल्यानंतर काय वाटतं, हे त्यात येत नाही.

एवढं मात्र मान्य, की सगळं मोजून झाल्यावरही पारडी समान असतील तर बदलाकडे झुकावं. आपण सहसा आहे त्याच बाजूला झुकलेले असतो. काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं तसं, तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. ३० टक्के घट रोज डोळ्यांसमोर दिसते, दहा वर्षांनंतरची वाढ दिसत नाही.


बेरीज_वजाबाकी

त्या न दिसणाऱ्या वाढीचाही हिशेब होतो. तो कोणी करत नाही म्हणून इथे देतो.

जुन्या क्षेत्रात पगार वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतो, नव्यात १० टक्क्यांनी, असं धरा. १०० आणि ७० पासून निघालात तर महिन्याचा पगार दहाव्या वर्षाच्या आसपास बरोबरीला येतो. एकूण कमाईची बेरीज बरोबरीला यायला १७ वर्षं. नव्यात वाढ ८ टक्केच असेल तर फक्त महिन्याचा पगार गाठायलाच १९ वर्षं.

सुरुवातीचा पगार ७० की ७३ यावर लोक रात्र-रात्र चर्चा करतात. वाढीच्या दरातल्या दोन टक्क्यांनी जवळजवळ दहा वर्षांचा फरक पडतो, तिकडे बघत नाहीत. म्हणून आडवाट यांचा तो चौथा प्रश्न (पाच-सात वर्षांनी किती पट) वगळू नका. सात वर्षांत ७० चे १३६ होत असतील तर वाढ १० टक्के. १२० होत असतील तर ८. तुमचं उरलेलं कामाचं आयुष्य १७ वर्षांपेक्षा कमी असेल, तर हा बदल पैशासाठी नाही हे घरात स्वच्छ सांगून टाका. मग पुढे वाद होत नाहीत.


उंबरठा (धागाकर्ती)

कंपनीचा विमा आणि वार्षिक ठोक खर्च हे दोन्ही माझ्या कागदावर नव्हते. करारात बाहेरच्या कामाला लेखी परवानगीची अट आहे, ती मागणार.

अजून दोन गोष्टी. घरच्यांशी बोलताना चर्चा भीतीकडे घसरते, तिला वळण कसं लावायचं? आणि राजीनाम्याच्या वेळी क्रम काय ठेवायचा?


शाईपेन

घरच्यांसाठी एक पान. त्यावर चारच ओळी: हातात किती महिने, तळाची न शिवायची रक्कम, कुठल्या तारखेला काय झालं नसेल तर परत फिरायचं, आणि परत फिरणं म्हणजे नेमकं काय करायचं. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. 'बघू, जमेल' याला घरचे घाबरतात. 'सातव्या महिन्याच्या अखेरीस दोन तरी मुलाखती झालेल्या नसतील तर जुन्या क्षेत्रात अर्ज सुरू' याला घाबरत नाहीत. ही ओळ आजच लिहायची. अडचणीत सापडल्यावर लिहिली तर माणूस तारीख पुढे ढकलतो.

भीती वाया घालवू नका, कामाला लावा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे. सगळे बसा आणि कल्पना करा की वर्ष झालं आणि हा बेत साफ फसलाय. प्रत्येकानं दहा मिनिटं, एकमेकांशी न बोलता, का फसला ते लिहायचं. मग कागद एकत्र वाचा. 'फसू शकेल का' असं विचारलं की लोक एकमेकांना धीर देतात, 'फसला, का फसला' असं विचारलं की खरी कारणं बाहेर येतात. वरच्या तीन कारणांपुढे उपाय लिहा, बाकीची सोडून द्या.


आडवाट

राजीनाम्याचा क्रम:

आधी आरोग्यविमा. नवा विमा सुरू होऊन त्यातला प्रतीक्षाकाळ किती, हे पाहिल्याशिवाय जुना सुटू देऊ नका. आजार असलेल्यांना हीच गोष्ट सगळ्यात महाग पडते.

मग तारखा. वार्षिक बोनस, शिल्लक रजेचे पैसे, कंपनीचे मिळणारे शेअर, हे कुठल्या दिवशी हक्काचे होतात ते लेखी बघा. काही ठिकाणी बोनस जमा होण्याच्या दिवशी तुम्ही नोटिशीत असाल तर तो मिळत नाही.

नोटीस पिरियड किती? तीन महिने असेल तर नवी कंपनी थांबेल का, हे पहिल्याच बोलण्यात विचारा.

लेखी ऑफर, त्यात रुजू होण्याची तारीख आणि पगाराची फोड, हातात पडल्यावरच राजीनामा. तोंडी होकारावर दिलेले राजीनामे हा पश्चात्तापाचा सगळ्यात मोठा कारखाना आहे. पार्श्वभूमी तपासणी बाकी असेल तर तीही संपू द्या.

कागदपत्रं नोटिशीच्या काळात गोळा करा: अनुभवाचा दाखला, पगाराच्या पावत्या, कराची कागदपत्रं. निघून गेल्यावर कोणी फोन उचलत नाही.

राजीनाम्याच्या पत्रात कारणं लिहू नका. तीन ओळी पुरतात.


शाईपेन

बेरीज_वजाबाकी, तुमच्या पहिल्या हिशेबात चूक आहे. ठोक खर्चाचे ६० एकदाच वजा केलेत. थांबण्याच्या वर्षातही ते येणारच. महिन्याला ५ पडतात, म्हणजे मागे पडणारी रक्कम ३४ नाही, २९.


बेरीज_वजाबाकी

बरोबर. चूक माझी. २९ गुणिले १२ = ३४८. ३८८ + ३४८ = ७३६. भागिले ६६, म्हणजे ११ महिने. १२ नव्हे.

आणि यातून मोठी गोष्ट निघते, ती मघाशी निसटली. नव्या नोकरीत पगार ७०, खर्च ६६, ठोक खर्चाचे ५. महिन्याला १ कमी पडतो. सगळं नीट पार पडून मनासारखी नोकरी लागल्यावरही! गंगाजळी खड्डा ओलांडायला असते, कायमची तूट भरायला नाही. याचा अर्थ तुमचा तळाचा पगार ७१ आहे, आणि महिन्याला ४ तरी मागे पडायला हवेत असं धरलं तर ७५. वाटाघाटीत ७५ मागा, ७१ च्या खाली सही नको.

किंवा हप्ता कमी करा. कर्जाच्या बाकी मुद्दलाच्या १० टक्के रक्कम भरली आणि मुदत व दर तोच ठेवला, तर हप्ताही १० टक्क्यांनी उतरतो. २८ चा २५.२. मुदत कमी केली तर व्याज जास्त वाचतं हे खरं, पण तुम्हाला दर महिन्याला मोकळा श्वास हवाय. अर्जात 'हप्ता कमी' हा पर्याय स्पष्ट मागावा लागतो, न मागितल्यास अनेकदा मुदत कमी करून टाकतात.

मात्र भरलेली रक्कम परत काढता येत नाही. बाकी मुद्दल २००० असेल तर १० टक्के म्हणजे २००, आणि २०० म्हणजे तीन महिन्यांची मोकळीक. महागडा सौदा आहे. आधी ७० वर राहण्याची रंगीत तालीम करा: पगाराच्या दिवशी ३० दुसऱ्या खात्यात, तीन महिने, त्याला हात न लावता. हात लावावा लागला तर तारीख आणि कारण लिहून ठेवा. कुठली तीन कारणं पुन्हा पुन्हा येतात ते कळेल, आणि बहुतेक वेळा २-३ ची तूट तिथेच मिटते.


उंबरठा (धागाकर्ती)

खरी विभागणी काढली: ठेवी आणि बचत खातं ४२०, फंड ४३०, अडकलेले १८६. म्हणजे ४२० + ३०१ = ७२१. त्यातून ३५७ (६० + ७५ + २२२) वजा, ३६४. आज साडेपाच महिने, वर्ष थांबून १०.८.

तालीम पुढच्या पगारापासून. हप्ता कमी करायचा अर्ज मात्र आत्ता करायचा की शिकणं संपल्यावर?


बेरीज_वजाबाकी

चौकशी आत्ता, भरणा नंतर. कर्ज देणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागवा: अंशतः परतफेडीवर शुल्क आहे का, हप्ता कमी करण्याचा पर्याय देतात का, आणि एका वर्षात किती वेळा भरता येतं.

पैसे भरायचे ते ४० तासांच्या कामाचा आणि तालमीचा निकाल आल्यावर, पण राजीनाम्याआधी. चाचणी फसली आणि तुम्ही आहात तिथेच राहिलात, तर तीच रक्कम मुदत कमी करण्यात जास्त फायद्याची ठरेल. आणि कर्जात काही फेरफार करून हवा असेल तर पगाराची पावती चालू महिन्याची लागते. राजीनामा दिल्यावर तोच अर्ज महिनोन्महिने फिरतो.